फौजदाराचं वजन

तिच्या हातांना रिकामं राहणं ठाऊक नव्हतं. भाजी निवडून झाली की ते ओटा पुसायचे, ओटा पुसून झाला की पुसलेला ओटा पुन्हा पुसायचे, आणि काहीच उरलं नाही की बाहीचं टोक चुरगाळत बसायचे. नवरा म्हणायचा, हिचे हात झोपेतसुद्धा कुणाचं तरी अंथरूण नीट करत असतात.

हे हात एका मोठ्या इस्पितळात, नवजात बाळांच्या कक्षात घडले होते. दिवस भरायच्या आत आलेली, ओंजळीत मावणारी लेकरं तिथं काचेच्या पेट्यांत असायची. ती तिथली परिचारिका. त्यांना पाजायचं, कुशीवर वळवायचं, पुसायचं आणि तोलायचं. तोलण्यावर तिचा भारी जीव. पाजण्याआधी तोलायचं, पाजल्यावर तोलायचं, मधे जो फरक येईल तेवढं दूध पोटात गेलं. बाळ रडून फसवतं, झोपून फसवतं, आया तर स्वतःलाच फसवतात, पण काटा फसवत नाही, असं ती नव्या मुलींना सांगायची.

आणि अशा बाईच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत, एक जीव वाळत चालला होता.

जीव तिचा नव्हता, हीच तर पंचाईत. तो तिच्या धाकट्या भावाचा होता. चिंचिला जातीचा. खारीपेक्षा मोठा, सशाहून लहान, रंगाने राखाडी, कान मोठाले, शेपूट झुपकेदार, आणि अंगावर केस एवढे दाट की बोटाला कातडीपर्यंतची वाट सापडू नये. मूळ गार डोंगरावरचा. दिवसभर झोपायचा आणि उन्हं कलली की पिंजऱ्यातल्या वरच्या फळीवर दोन पायांवर बसून, मिशा हलवत खोलीची तपासणी करायचा. अनोळखी माणूस दिसला की खाकरल्यासारखा आवाज काढायचा. म्हणून भावाने त्याचं नाव ठेवलं होतं फौजदार.

भावाचं म्हणाल तर तो आजवर कशातच टिकला नव्हता. सायकली दुरुस्त करायला शिकला, सोडलं. फोटोग्राफरच्या हाताखाली राहिला, सोडलं. लग्न ठरलं, तेही फिसकटलं. ‘याच्या हातात काही टिकत नाही’ हे वाक्य घरात भिंतीवरच्या घड्याळासारखं होतं. मुद्दाम कुणी ऐकत नसे, पण ते वाजत राहायचं, आणि चावी देणाऱ्यांत तीही होती. टिकला तो एकटा फौजदार. भावाने घरं बदलली, कामं बदलली, पिंजरा प्रत्येक वेळी बरोबर गेला. मग त्याला मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याची नोकरी लागली. जहाजावर फौजदाराला जागा नव्हती.

पिंजरा तिच्या मागच्या खोलीत ठेवताना त्याने सगळं समजावून सांगितलं. सुकं गवत कायम समोर हवं, तेच त्याचं खरं जेवण. गोडधोड अजिबात नाही. खोली गार ठेवायची. पाण्याने अंघोळ घालायची नाही, वाडग्यात बारीक धूळ ठेवली की तो आपला आपण लोळतो. ती हसून म्हणाली होती, याच्याएवढी किती तरी लेकरं मी जगवलीत, तू मला शिकव आता.

“ती माणसांची होती, ताई,” भाऊ म्हणाला. “हा फौजदार आहे.” मग गजातून एक बोट आत घालून, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “तुझ्या हातात देतोय म्हणून जाऊ शकतोय.”

ते वाक्य ती विसरू म्हणता विसरू शकत नव्हती.

पहिल्यांदा दिसली ती ओली हनुवटी. नुकतंच पाणी प्यायला असेल, तिला वाटलं. मग दिसलं की तो गवताची काडी दोन्ही हातांत धरतो, मुरलीसारखी ओठांना लावतो, आणि टाकून देतो. पुन्हा दुसरी उचलतो, तीही टाकतो. पिंजऱ्याखाली टाकलेल्या काड्यांचा ढीग, आणि चेहरा असा की जणू गवतच बिघडलं आहे. अंगाकडे बघून काहीच कळत नव्हतं. लोकरीच्या गुंड्यात सुई लपली तरी गुंडा गुंडाच दिसतो. तिने पाठीवरून बोट फिरवलं आणि केसांखाली मणके लागले, एकामागे एक, जपमाळेसारखे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाडगा ठेवून त्याला त्यात बसवलं. भाऊ सांगायचा, आमचे साहेब पाचशे ग्रॅमच्या वर आहेत. काटा चारशेलाही पोचला नाही.

जनावरांच्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फौजदाराला टॉवेलात गुंडाळलं, तोंडात बारीक नळीचा दिवा घातला आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. या जनावरांचे दात जन्मभर वाढत असतात, त्या म्हणाल्या. याच्या मागच्या दाढा वेड्यावाकड्या वाढून त्यांना काटे आलेत, ते जिभेत रुततायत. भूल देऊन दाढा घासाव्या लागतील. पण इतक्या हलक्या जनावराला भूल दिली तर ते उठणार नाही. साडेचारशेपर्यंत तरी आणा. आणि फार रेंगाळू नका, काटे वाढायचे थांबणार नाहीत.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. संध्याकाळी ब्रश धुता धुता त्याने सगळं ऐकलं. दाढा दुखतात म्हणून खात नाही, खात नाही म्हणून वजन नाही, वजन नाही म्हणून दाढांना हात लावता येत नाही. तो म्हणाला, ही तर कचेरीतली तऱ्हा झाली. दाखला आणा मग अर्ज मिळेल, अर्ज आणा मग दाखला. तिला हसू आलं नाही.

डॉक्टरबाईंनी दुखणं कमी होण्याचे थेंब दिले होते, आणि गवताची हिरवी पूड. पूड पाण्यात कालवून, सुई नसलेल्या सिरिंजने ओठांच्या कडेतून थोडी थोडी भरवायची. वजन रोज सकाळी, एकदाच, खाण्याआधी. बाकीच्या वेळी त्याचा त्याला राहू द्या, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण हे शेवटचं तिच्या कानावरून गेलं. डॉक्टर सगळं एकदाच म्हणतात, निभावायचं असतं सिस्टरला, असं तिच्या इस्पितळातल्या कक्षात म्हणायचेच.

मागच्या खोलीचा तिने कक्ष करून टाकला. टेबलावर स्वच्छ फडकं, फडक्यावर सिरिंजा ओळीने, शेजारी काटा आणि वाडगा. बाळांना जशी ठरावीक वेळाने पाजायची सवय, तशीच ती फौजदाराची वेळ धरायची. कामावर जाण्याआधी, दुपारच्या सुट्टीत घरी येऊन, आल्याबरोबर, जेवणानंतर. तो लाकडी खोक्यात शेपटीत नाक खुपसून झोपलेला असायचा. ती त्याला उठवायची. उठवून तोलायची, गुंडाळायची, भरवायची, पुसायची, पुन्हा तोलायची. भरवताना गुणगुणायची. बाळांसाठी रचलेलंच गाणं होतं, दर वेळी थोडं बदलायचं:

एक घास वाऱ्याचा, एक घास उन्हाचा,
एक घास माझ्या हट्टी पाहुण्याचा.
घास घे रे राजा, घास नाही भारी,
पिसाच्या वजनाची भूक तुझ्या दारी.

भरवल्यावर काटा थोडा वर जायचा. दुपारी तोलावं तर चढलेलं सगळं उतरलेलं. मग ती एक वेळ वाढवायची. वाढवली की दुसऱ्या दिवशी आणखी खाली. ती कामावर बाळांचे आकडे लिहायची आणि डोक्यात फौजदाराचा आकडा फिरत असायचा. रस्ता ओलांडताना, भाकरी उलटताना, कुणाशी बोलताना मधेच तिची नजर हरवायची. नवरा म्हणाला, अगं, तुझ्या नजरेनेच हडकेल तो. ती म्हणाली, तुम्ही पाट्या रंगवा.

भाऊ दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचा. मागे भांड्यांचा खणखणाट, इंजिनाची घरघर.

“साहेब काय म्हणतात?”

“झोपलेत.”

“मी फोन केला की बरे झोपतात. जेवले का?”

“जेवले की.”

खोटं नव्हतं ते. भरवलेलं पोटात गेलंच होतं थोडंफार. पण फोन ठेवल्यावर हात आपोआप काट्याकडे जायचे.

भरवण्याची वेळ नसताना ती पिंजऱ्याशी गेली ती एक संध्याकाळ. सकाळचं वजन होतं त्याहून दुपारचं कमी आलं होतं, आणि ती तेव्हापासून स्वतःला सांगत होती की काटा टेबलावर सपाट बसला नसेल. काटा सरळ करून पुन्हा एकदा बघू, एवढंच तिच्या मनात. फौजदार नुकताच जागा झाला होता. तिचा हात आत येताना दिसला आणि तो खोक्याच्या मागे सरकला. हात मागे गेला. तो फळीवर चढला. हात फळीवर गेला. चल रे, लगेच सोडते, ती म्हणत होती. तो उडी मारायला वळला आणि तिने मुठीत धरलं.

तो निसटला. मूठ मात्र रिकामी नव्हती. मुठीत केसांचा पुंजका होता, राखाडी, धुक्यासारखा, एवढा मऊ की मुठीत काही आहे हे हाताला कळेना. कोपऱ्यात फौजदार पाठ भिंतीला लावून उभा होता आणि त्याच्या कुशीवर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. ओरडला नाही. नुसता श्वास, भराभर, सगळं अंग त्या श्वासावर हलत होतं. पुंजका काट्यावर ठेवला असता तर काटा हललाही नसता.

तिने डॉक्टरबाईंना फोन लावला. घाबरू नका, त्या म्हणाल्या, जखम नसते ती, केस पुन्हा येतील. डोंगरात घारीने झडप घातली की हे जनावर केस तिच्या पंजात सोडतं आणि स्वतः पळतं. मग त्यांनी विचारलं की कशासाठी धरलं होतं. वजनासाठी, ती म्हणाली. सकाळी केलं नव्हतं का? केलं होतं. दिवसात किती वेळा करता? दोनदा, ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिचे कान तापले. घार, असं म्हणाल्या होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कक्षात शांत वेळ होती. ही शांत वेळ तिनेच वरिष्ठांशी भांडून सुरू करून घेतली होती. दिवे मंद, पेट्यांवर जाड कापडाची झाकणं, बोलणं कुजबुजत, आणि अगदीच नड असल्याशिवाय बाळाला कुणीही हात लावायचा नाही. खिडकीजवळच्या पेटीशी एक तरुण बाप बसला होता. क्रेन चालवायचा. एवढाल्या लोखंडी तुळया बोटाच्या इशाऱ्याने हवेत फिरवणारा गडी, पण इथं त्याच्याने राहवत नव्हतं. दर थोड्या वेळाने कापडाची कड उचलून आत बघायचा. तिने दोनदा खुणेने थांबवलं. तिसऱ्यांदा जवळ गेली.

बाळ या झाकणाखालीच मोठं होतं, ती हळू आवाजात म्हणाली. तुम्ही उचलून बघता तेव्हा उजेड आत जातो, ते दचकतं, आणि खाल्लेलं सगळं त्या दचकण्यात खर्च होतं. तुम्हाला वाटतं आपण नुसतं बघतोय. त्याला ते फुकट पडत नाही.

“मग मी काय करू?” बाप म्हणाला. “नुसता बसू?”

“हो. नुसतं बसायचं.”

“तुम्हाला जमतं?”

खवचटपणे नव्हता विचारत. खरंच विचारत होता. तिने पेटीवरचं कापड उगाच सारखं केलं, आणि कापड सारखं करणारा आपला हात तिला दिसला.

नळाखाली ती बराच वेळ हात धूत राहिली. फौजदार दिवसाचा झोपणारा. बाळांच्या घड्याळाने आपण त्याला भर झोपेतून उठवत होतो. पाजण्याआधी एकदा, पाजल्यावर एकदा, मधे संशय आला म्हणून एकदा. दर वेळी घार. एका हाताने घास घालायचा आणि दुसऱ्या हाताने तो काढून घ्यायचा. बाळांना उचललं की बाळं उबेला येतात. हा उबेला येणारा नव्हता, हा उंच फळीवरून बघून मग ठरवणारा होता. भावाने सांगितलं होतं की. हा फौजदार आहे.

घरी जाताना ती आपल्या थांब्यावर उतरायचं विसरली आणि दोन थांबे मागे चालत आली. आल्या आल्या तिने काटा उचलून नवऱ्यासमोर ठेवला.

“हा कपाटावर ठेवा. मला पोचणार नाही असा.”

“स्टुलावर चढशील.”

“मग स्टूल कामावर घेऊन जा.”

चेष्टा करायची सोडून त्याने खरोखरच काटा कपाटावर मागे सारला. तेवढ्यापुरती ती सुटली. त्यानंतर खरा छळ सुरू झाला.

सकाळी नवरा काटा काढून द्यायचा, एकदा तोलणं व्हायचं, काटा परत वर. दिवसा ती खोलीत जातच नव्हती. दारावर पडदा लावला. उन्हं कलली की जमिनीवर बसायची, पिंजऱ्याचं दार उघडायची आणि हात मांडीवर ठेवायची. हात मांडीवर ठेवणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम निघालं. ते वळवळायचे, फरशीवरचे कण वेचायचे, एकमेकांची नखं टोकरायचे. शेवटी ती त्यांच्यावर बसली, शाळेतल्या द्वाड मुलीसारखी. फौजदार पहिल्या संध्याकाळी खोक्याबाहेर आलाच नाही. तिला वाटलं, आज उपाशी राहिला, संपलं. नवऱ्याने दारातून सिरिंज मागून घेतली, तो जमिनीवर आडवा झाला, आणि त्याच्या रंगाचा वास येणाऱ्या बोटांतून फौजदाराने अंधारात थोडंसं चाटलं. मला मान मिळाला बरं का, नवरा नंतर म्हणाला. तिचं नाक लाल झालं होतं.

वजन आणखी खाली गेलं. फार नाही, पण गेलं. त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. तिने बादली पालथी घातली, तिच्यावर चढली, कपाटावर हात लांबवला आणि बोटांना काट्याची गार कड लागली. पलीकडच्या खोलीत काहीच आवाज नव्हता. झोपला असेल. की झोपला नसेल. बादली डगमगत होती. ती तशीच उभी राहिली, एखादी चोरटी मांजर शिंक्याखाली उभी राहावी तशी, आणि मग उतरली. उतरून बादली धुतली. धुतलेली बादली पुन्हा धुतली.

पुढच्या संध्याकाळी फौजदार तिच्या गुडघ्यावर आला. म्हणजे तिच्यासाठी नव्हे, पलीकडच्या धुळीच्या वाडग्याकडे जाताना वाटेत गुडघा होता. पण गुडघ्यावर थांबला, मिशा हलवल्या, सिरिंजचं टोक हुंगलं आणि टॉवेलाशिवाय, धरल्याशिवाय, चोखू लागला. त्याचं वजन तिला गुडघ्यावर कळत होतं. किती आहे, हा प्रश्न जिभेवर आला आणि ती गुणगुणू लागली.

त्यानंतर काटा मुंगीच्या पावलाने चढला. एखादा दिवस थांबायचा, एखादा दिवस मागे यायचा, पण चढायचा. कुशीवरच्या उघड्या जागेवर लव दिसू लागली. तरी हनुवटी ओलीच होती, आणि काडी उचलून टाकणं तसंच होतं. साडेचारशेला थोडं उरलं असताना डॉक्टरबाईंनी पुन्हा तोंडात दिवा घातला. जिभेला जखम झालीय, त्या म्हणाल्या. अजून थांबलो तर भरवलेलंही घेणार नाही, मिळवलेलं सगळं जाईल. आत्ता भूल देण्यात जोखीम आहे. थांबण्यात जास्त आहे, असं मला वाटतं. पण ठरवायचं मालकाने. जनावर तुमचंच ना?

भावाचं, ती म्हणाली.

त्यांना माहीत आहे?

तिने तिथल्या बाकावर बसूनच फोन लावला. मांडीवर पिंजऱ्याची छोटी पेटी. भावाने उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, साहेब काय म्हणतात. या वेळी तिने सगळं सांगितलं. ओली हनुवटी, दाढा, वजन, भूल. केसांचा पुंजकाही सांगितला. तो गाळता आला असता, पण तिने तो सांगितला. पलीकडे भांडी वाजायची थांबली होती.

“कधीपासून?” भावाने विचारलं.

“तू गेलास त्यानंतर लगेच.”

“आणि मी विचारायचो तेव्हा झोपलेले असायचे.”

“नसायचे. मी झोपू देत नव्हते.”



“वजन किती वेळा करायचीस?”

“ते नाही मोजलं.”

तो हसला की खोकला, कळलं नाही. मग म्हणाला, हे माझ्या घरी झालं असतं तर सगळ्यांनी काय म्हटलं असतं, माहीत आहे ना तुला. तिने सांगितलं, माहीत आहे. सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं असतं.

मागे कुणीतरी त्याला हाक मारली, त्याने ओ दिली नाही.

“सही कर, ताई. नाही उठला तर तुझ्यामुळे झालं नाही, असं म्हणेन मी.” मग थांबून, “खोटं असेल ते. पण म्हणेन.”

तिने सही केली. पेटी आत गेली. बाहेरच्या खोलीत एक पोपटवाला होता, एक लंगडी मांजर घेऊन आलेली म्हातारी होती, आणि ती होती. म्हातारीने विचारलं, तुमचं काय हो? फौजदार, ती म्हणाली. म्हातारीने मान डोलावली, जणू फौजदार इथं रोज येतात. ती उठली, बसली, खिडकीशी गेली, भिंतीवरच्या कुत्र्यांच्या जातींची नावं वरून खाली आणि खालून वर वाचली. कितीदा तरी दुसऱ्यांच्या लेकरांना घेऊन ती अशाच दारातून आत गेली होती. दाराच्या या बाजूला उभं राहणं तिला येत नव्हतं.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा मास्क हनुवटीवर होता. उठतोय हळूहळू, त्या म्हणाल्या. काटे घासले. पण आपलं आपण गवत खाईपर्यंत मी काही बोलणार नाही. कितीतरी जनावरं यानंतर खायचंच विसरतात.

घरी आणल्यावर फौजदार खोक्यात गेला आणि तोंड भिंतीकडे करून बसला. त्या संध्याकाळी काहीच खाल्लं नाही. दुसऱ्या संध्याकाळी सिरिंजने थोडं घेतलं, गवताकडे बघितलंही नाही. सकाळी काटा उतरला. ती कामावर गेली, बाळांना तोललं, आली. क्रेनवाल्याचं बाळ पेटीतून बाहेर आलं होतं आणि तो कक्षभर मिठाईचा डबा घेऊन फिरत होता. तिने तुकडा घेतला आणि तो गिळायला तिला पाणी लागलं. घरी नवरा स्वयंपाक करत होता आणि वांगी जळाल्याचा वास होता. नाही ना खाल्लं काही त्याने, तिने दारातूनच विचारलं. तू जा आत बस, तो म्हणाला. ती आत गेली नाही. मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. तिथंच, पडद्याच्या अलीकडे, भिंतीला टेकून ती खाली बसली. आत जाऊन बघण्याची भीती वाटत होती आणि न बघण्याचीही.

उजेड उतरत चालला होता. आतून फळीवर नखांचा आवाज आला. मग काही नाही. मग काडी सरकल्याचा आवाज. आता टाकेल, तिला वाटलं. तिने टाकल्याचा आवाज ऐकायला कान लावले.

कुरूम. कुरूम कुरूम.

कोरड्या पाचोळ्यावरून कुणी लहान पावलांनी चालत जावं, तसं. थांबलं, आणि लगेच दुसरी काडी. कुरूम कुरूम कुरूम. नवरा झारा हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. तो झाऱ्यासकट खाली बसला.

तिने भावाला फोन लावला. बोलू नकोस, ऐक, एवढंच म्हणाली आणि फोन दाराच्या फटीशी धरला. पलीकडे भाऊ कुणालातरी ओरडून पंखा बंद करायला सांगत होता, मग कुणालातरी गप्प बसायला सांगत होता, मग जहाजाचा तेवढा भाग गप्प झाला. तिघंजण एका जनावराचं जेवण ऐकत होती.

“गवत आहे?” भावाचा आवाज बारीक झाला होता.

“गवत आहे.”

“किती आलं वजन?”

“माहीत नाही. सकाळी बघू.”

आतला आवाज मधेच थांबला. दाराच्या अलीकडे आणि समुद्रावर, दोन्हीकडे श्वास अडकले. तिची बोटं पडद्याच्या काठाशी गेली होती.

“का थांबला?” भाऊ कुजबुजला. “जरा आत बघ ना, ताई. एकदाच बघ.”

तिने पडदा सोडला.

“नाही,” ती म्हणाली. “जेवतोय तो.”